न चुकणारा ठोका

"आजोबा, बोट हलवू नका ना. तुम्ही हललात की पडद्यावर भूकंप होतो."

"बोट माझं आणि हुकूम तुझा," आजोबा म्हणाले. "बरं बाई, हे बघ, दगड झालो."

चिमटीने त्यांच्या बोटावर कापडी टोपी चढवली. टोपीच्या आत एक हिरवा दिवा होता, आणि त्याच्या शेजारी त्या दिव्याचा उजेड मोजणारा बारीकसा डोळा. बोटात रक्ताची लाट आली की परत येणारा उजेड किंचित कमी व्हायचा, आणि तेवढ्यावरून हृदयाचा ठोका कळायचा. टोपीतून निघालेली तार मनगटावरच्या पट्ट्यात शिरली होती. पट्ट्यात बिस्किटाहून लहान असा मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे चिमुकल्या संगणकाचा, बोर्ड होता आणि एक चपटी बॅटरी. तिथून पुढे तारच नव्हती. ठोका हवेतून थेट स्वयंपाकघरात जायचा, आणि फळीवर ठेवलेली साबणाची डबी 'टिक' म्हणायची. डबीच्या झाकणात भोंग्याने चौकोन कापून छोटा पडदा बसवला होता. चौकोन जरा तिरका झाला होता, पण तसं बोललेलं त्याला खपत नसे.

भोंगा हा चिमटीचा मामेभाऊ. तो कानात बोलला तरी शेजारच्या घरातून उत्तर यायचं, म्हणून भोंगा. चिमटी बारीक तारा चिमट्याने उचलताना श्वास रोखून धरायची, म्हणून ती चिमटी. आणि भोंग्याची धाकटी बहीण या दोघांच्या मागून कुठेही जायची, म्हणून ती शेपूट. सुटीत चिमटी मामाकडे आली की तिघांची खरी नावं फक्त रागावण्यापुरती उरायची.

यंदाची सुटी मात्र नेहमीसारखी नव्हती. आजोबा नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते. हृदयाचा मोठा झटका येऊन गेला होता. मामा कामासाठी परगावी, मामी दिवसभर ऑफिसात. "जिना नाही, ओझं नाही, दगदग नाही," असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. "पुन्हा असं झालं तर या वेळेसारखं निभावेलच असं नाही." हे त्या मामीला दाराबाहेर हळू आवाजात सांगत होत्या, पण चिमटी दाराच्या आतच उभी होती. शाळेच्या विज्ञान मंडळाचा बोर्ड तिने प्रदर्शनासाठी म्हणून सुटीपुरता मागून आणला होता, तो तिने त्याच दिवशी या कामाला लावला.

पहिल्याच दिवशी तिला एक गोष्ट खटकली होती. टिक, टिक, टिक, टिक, आणि मध्येच एक रिकामी जागा. मग पुन्हा टिक, टिक. तिने तार बदलली, सोल्डर पुन्हा केलं, टोपी घट्ट शिवली. जागा रिकामी ती रिकामीच. शेवटी वैतागून तिने प्रोग्रॅममध्ये चार ओळी वाढवल्या: ठोका हुकला, की तिथे आपला एक ठोका घाल. झालं, पडद्यावरची रेघ कंगव्याच्या दातांसारखी एकसारखी दिसू लागली. मोठ्या ऐटीत तिने ती डॉक्टरबाईंना दाखवली.

डॉक्टरबाईंनी आजोबांच्या छातीला नळी लावली आणि डबीकडे बघत बराच वेळ ऐकलं.

"ही रिकामी जागा तुझ्या बोर्डाची नाही गं," त्या म्हणाल्या. "त्यांची आहे. आजारपणापासून त्यांचं हृदय अधूनमधून असं हुकतं. मला ते माहीत आहे, औषध चालू आहे. पण तूच ते पुसून टाकलंस तर उद्या काय बदललं ते कुणाला कळणार?"

चिमटीचे कान लाल झाले. त्याच संध्याकाळी तिने त्या चारही ओळी पुसून टाकल्या.

शेपटीला मात्र ती रिकामी जागा फार आवडली. तिने एक खेळच शोधून काढला. डबी टिक म्हणाली की स्वयंपाकघरातल्या एका फरशीवरून दुसरीवर उडी मारायची, आणि ठोका हुकला की एका पायावर लंगडी धरून पुढच्या टिकची वाट बघायची. "आजोबा लंगडी देतात," असं ती म्हणायची. सकाळपासून तिची टापटूप चालू असायची, आणि मामी म्हणायची, "या पोरीने फरशा झिजवल्या."

*

त्या दिवशी मामी ऑफिसला निघता निघता डबीने बोंब ठोकली. कुणी पट्टा काढला किंवा ठोका मिळेनासा झाला, की डबी लांबलचक किंचाळायची. चिमटी हातातला कप टाकून धावली. पण ती आजोबांच्या दारापर्यंत पोचते न पोचते तोच बोंब थांबली आणि पुन्हा टिक, टिक सुरू झालं.

"काय झालं आजोबा?"

"काही नाही गं," आतून आवाज आला. "कूस बदलताना टोपी सरकली. आज मला जरा पडू दे. दार लोटून घे. तुमची डबी आहे ना राखण करायला?"

"मिळालं ना उत्तर?" मामी चप्पल घालत म्हणाली. "सारखं जाऊन उठवू नका त्यांना. तुमच्या या यंत्रापायी ते निवांत झोपत पण नाहीत."

मामी गेली. भोंगा दुसरी टोपी शिवायला बसला. सुई बोटात गेली की तो ओरडायचा, आणि चिमटी दर वेळी दचकायची. शेपूट फरशांवर उड्या मारत होती. बराच वेळ असा गेला. मग शेपूट थांबली आणि चक्क रुसून खाली बसली.

"काय गं?"

"आजोबा आज लंगडीच देत नाहीयेत."

"म्हणजे?"

"म्हणजे चुकतच नाहीत. मी किती वेळा इकडून तिकडे गेले. एकदाही नाही."

भोंगा हसला. "चांगलंय की. बरे झाले आजोबा."

चिमटीलाही क्षणभर तसंच वाटलं. तिने डबी उचलून पडदा डोळ्यांजवळ धरला. रेघ सरळ चालली होती. एकसारखी, नेटकी, कंगव्याच्या दातांसारखी. अशी रेघ तिने याआधी एकदाच पाहिली होती.

"भोंग्या," ती हळूच म्हणाली, "माझ्या त्या चार ओळी तू परत घातल्यास?"

"मी? मी कशाला घालीन?"

"प्रदर्शनात चांगलं दिसेल असं तूच म्हणत होतास."

"म्हणत होतो. म्हणणं आणि करणं यात काही फरक आहे की नाही? मला तो प्रोग्रॅम उघडता तरी येतो का?"

ते खरं होतं. तरी चिमटीने मामाचा जुना लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम वरपासून खालपर्यंत वाचला. त्या ओळी कुठेही नव्हत्या. बोर्ड जसा येईल तसाच ठोका पाठवत होता. मग तिने टोपीचा विचार केला, तारेचा केला, बॅटरीचा केला. बिघाड असता तर ठोके गळाले असते. बिघाडाने ठोके सुधारत नाहीत.

तिने लॅपटॉप मिटला.

"हे आजोबांचं हृदय नाही," ती म्हणाली.

"मग कुणाचं आहे?" शेपटीने विचारलं.

तिघंही पाय न वाजवता आजोबांच्या खोलीशी गेली. चिमटीने दार ढकललं. पडदे ओढलेले होते. पलंगावर कुणीतरी भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर घेऊन झोपलं होतं. चादरीबाहेर फक्त एक हात होता, आणि बोटावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"आजोबा?"

चादर हलली नाही. पण पलंगाच्या खाली चपला होत्या. आजोबांच्या चपला अशा नव्हत्या. एका चपलेचा अंगठा तांब्याच्या तारेने बांधलेला होता.

"रेडिओकाका," भोंगा त्याच्या मानाने कुजबुजला, "आम्ही तुम्हाला ओळखलंय."

चादर खाली आली. आजोबांचे जुने मित्र रेडिओकाका केस विस्कटून उठून बसले. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. पट्ट्याची तार यांनीच तर मुलांना दिली होती.

"हळू रे, हळू. गल्ली गोळा करशील."

"आजोबा कुठे आहेत?" चिमटीचा आवाज चिरकला.

"येईलच इतक्यात. तू घाबरू नकोस. त्यानेच सांगितलं, पट्टा काढला की तुमची डबी ओरडते, म्हणून मी चटकन माझ्या बोटात घातला. क्षणभरच ओरडली की नाही?" त्यांना त्या कौशल्याचा थोडा अभिमानच वाटत होता. "पण तुम्हाला कळलं कसं?"

"तुमचं हृदय फार चांगलं आहे," चिमटी म्हणाली.

"बघा. हृदय चांगलं म्हणता, वर डोळे वटारता."

"काका, आजोबा कुठे आहेत?"

रेडिओकाकांचा चेहरा उतरला. चौकातल्या उंच इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. कंपनीचा माणूस येईना, म्हणून तिथल्या मॅनेजरने आजोबांना फोन केला. ती लिफ्ट ऐन उमेदीत आजोबांनीच बसवली होती. "फक्त खाली बसून सांगणार आहे, वर जाणार नाही असं म्हणाला. मी आलो त्याच मागच्या दाराने तो गेला. अरे, दवाखान्यातून आल्यापासून त्याला कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही. फोन आला तेव्हा त्याचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू. मला नाही म्हणवलं नाही."

चिमटीला पुढचं ऐकूच आलं नाही. तिने काकांच्या बोटावरची टोपी काढली. डबी बोंबलू लागली. पट्टा, डबी आणि डबीला जोडायची बॅटरी भोंग्याच्या दप्तरात कोंबून तिघं निघाली. "डॉक्टरबाईंना फोन करा," ती पळता पळता काकांना म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

*

इमारतीच्या तळमजल्यावर काचेच्या खिडकीमागे मॅनेजर पंख्याखाली बसला होता. लिफ्टच्या दारावर पाटी लटकत होती: बंद आहे.

"आमचे आजोबा कुठे आहेत?"

"कोण? ते लिफ्टवाले?" मॅनेजरने मान वर केली नाही. "आले होते. इथे बसले, काय करायचं ते सांगितलं आणि गेले घरी."

"घरी नाहीत ते."

"मग वाटेत असतील. मुलांनी इथे गर्दी करायची नाही. चला."

शेपूट खिडकीला नाक लावून आत बघत होती. "ताई," ती म्हणाली, "ती बघ काठी."

कोपऱ्यात, मॅनेजरच्या खुर्चीमागे आजोबांची काठी उभी होती. हातात घसरू नये म्हणून भोंग्याने तिच्या मुठीला सायकलच्या हँडलची निळी पकड बसवली होती. तशी काठी जगात दुसरी नव्हती.

"काठी न घेता ते आमच्या अंगणातही जात नाहीत," चिमटी म्हणाली. "काठी इथे सोडली, कारण जिन्याचा कठडा धरायला हात मोकळा हवा होता. तुम्ही त्यांना वर पाठवलंत."

मॅनेजरचा चेहरा पडला. पण तो उठला नाही. "मी पाठवलं नाही, तेच म्हणाले, वर यंत्राच्या खोलीत एक चक्र फिरवायचंय, आलोच. आता तुम्ही तमाशा करू नका. वर कुणी जायचं नाही, नियम आहे. मी बघतो थोड्या वेळाने."

थोड्या वेळाने. चिमटीला डॉक्टरबाईंचा तो हळू आवाज आठवला. तिने भोंग्याकडे पाहिलं.

"भोंग्या," ती म्हणाली, "ओरड."

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला ओरडायला सांगत होतं. भोंग्याने जिन्याच्या पोकळीत मान वर केली, छाती भरून घेतली आणि असा आवाज लावला की कठडे थरथरले.

"ऐका हो ऐका! हृदयाचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला मॅनेजरने लिफ्ट दुरुस्तीला जिन्याने वर चढवलंय!"

एकामागून एक दारं उघडली. कठड्यांवरून डोकी डोकावली. "काय म्हणतोय मुलगा?" "कुणाला चढवलं?" "मॅनेजर, काय हे?" आता मात्र मॅनेजर ताडकन उठला आणि किल्ल्या घेऊन बाहेर आला. तोवर तिघं पहिलं वळण ओलांडून गेलीही होती.

जिना संपता संपेना. चिमटीला तिचा स्वतःचा श्वास कानात ऐकू येत होता. प्रत्येक वळणावर तिला वाटायचं, आता दिसतील, आणि प्रत्येक वळणावर नुसत्या पायऱ्या दिसायच्या. देवा, बसलेले असू देत. नुसते बसलेले असू देत.

ते बसलेले होते. यंत्राच्या खोलीकडे जाणाऱ्या अखेरच्या पायऱ्यांवर, भिंतीला पाठ टेकून. मांडीवर हत्यारांची जुनी पिशवी. चेहरा राखेसारखा, कपाळ घामाने निथळलेलं. चिमटीला पाहून त्यांनी हसायचा प्रयत्न केला.

"जरा दम खात होतो गं."

"बोलू नका. उठू नका." घामेजलेल्या बोटावर टोपी बसेना. शेपटीने आजोबांचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरून स्थिर केला. भोंग्याने डबी चालू केली. टिकटिकटिक. पळणारा ठोका. मग रिकामी जागा. मग लगेच दुसरी.

खालच्या मजल्यावरची एक बाई फोन घेऊन धावत आली. तिने चिमटीने सांगितलेला नंबर लावला. डॉक्टरबाई रुग्णवाहिका घेऊन वाटेतच होत्या. रेडिओकाकांनी फोन केला होता.

"रडू नकोस," त्या म्हणाल्या. "पडद्यावर काय दिसतंय ते जसंच्या तसं सांग. काही सावरू नकोस."

चिमटीने सांगितलं. मिनिटाला किती ठोके तो आकडा सांगितला, किती ठोक्यांनी जागा येते ते सांगितलं, कधी दोन जागा लागोपाठ येतात तेही सांगितलं. मनात येत होतं की थोडं कमी करून सांगावं, म्हणजे ते तितकंसं भयंकर राहणार नाही. पण तिने एकही ठोका आपल्या पदरचा घातला नाही.

"छातीत दुखतंय का विचार. दुखतंय? त्यांच्या वरच्या खिशात छोटी बाटली असेल. त्यातली एक गोळी जिभेखाली ठेव. बसलेलेच राहू देत. गळ्याचं बटण सोड. आणि मला ठोके सांगत राहा, मी येईपर्यंत."

ती सांगत राहिली. भोंगा जिन्यातल्या सगळ्यांना बाजूला सारून वाट मोकळी करत होता. शेपूट आजोबांचा हात धरून डबीकडे टक लावून बसली होती. जागा आली की तिचे ओठ घट्ट मिटायचे. आज तिला लंगडी नको होती.

हळूहळू टिकटिक मंदावली. जागा विरळ झाल्या. आणि खालून डॉक्टरबाईंचा आवाज आला, रुग्णवाहिकेच्या माणसांचे बूट वाजू लागले.

आजोबांना खुर्चीत बांधून खाली नेलं. मॅनेजर खुर्चीचा एक पाय धरून सगळा जिना उतरला.

*

आजोबा घरी आले त्या दिवशी डॉक्टरबाई मुद्दाम आल्या. मामी होती, रेडिओकाका खाली मान घालून कोपऱ्यात होते, आणि मॅनेजरही काठी परत करायला आला होता.

"वेळेत कळलं म्हणून बरं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे यंत्र माझ्या तपासणीची जागा घेणार नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. पण त्या दिवशी जिन्यावर मला ज्याची गरज होती ते मला या मुलीकडून मिळालं. नीट पाहिलेलं आणि जसंच्या तसं सांगितलेलं. आणि ठोका बदललाय हे सगळ्यांच्या आधी कुणाच्या ध्यानात आलं?"

"माझ्या," शेपूट म्हणाली. "मी लंगडी खेळते ना."

मामीने तिला उचलून घेतलं. "खेळ हो बाई. झिजव फरशा." मग ती चिमटीकडे वळली. "आणि मी तुलाच गप्प केलं होतं, नाही का?"

मॅनेजर घसा खाकरून आजोबांना म्हणाला, "दादा, लिफ्टचं पुन्हा कधी विचारायचं झालं तर मी इथे येऊन विचारीन. तुम्ही खुर्चीतून सांगा."

आजोबांचे डोळे चमकले. सगळे गेल्यावर त्यांनी चिमटीला जवळ बोलावलं.

"मी तुला फसवलं," ते म्हणाले. "पट्टा बांधला की मला गळ्यात घंटा बांधलेल्या वासरासारखं वाटायचं. माझं सगळं तुम्हाला कळणार, तुमचं मला काहीच नाही. तेव्हा एक अट आहे. मी हा पट्टा काढणार नाही. पण तुझ्या बोटालाही तशीच टोपी हवी, आणि एक डबी माझ्या उशाशी."

लागणारे बोर्ड रेडिओकाकांनी मिळवून दिले, आणि भोंग्याने दुसऱ्या साबणाच्या डबीला चौकोन कापला. तोही तिरकाच झाला. दोन दिवसांत ती आजोबांच्या उशाशी चिमटीच्या ठोक्यांनी टिकटिकू लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चिमटी स्वयंपाकघरात तारा आवरत होती. आजोबा पलंगावरून उठले, चपला पायात सरकवल्या आणि काठी हातात घेतली. स्वयंपाकघरातून त्यांच्या चपलांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

उशाशी ठेवलेली डबी एकदम भरभर वाजू लागली. टिकटिकटिकटिक.

आजोबा थबकले. त्यांनी डबीकडे पाहिलं. मग दाराकडे. चिमटी काहीच बोलली नव्हती, जागची हललीही नव्हती.

"अंगणातच जातोय गं," त्यांनी हाक मारली. "येतेस बरोबर?"

डबी हळूहळू निवली.